पेन्सिलीने चौथा

आमच्या बेसमेंटच्या भिंतीवर, फर्नेसच्या खोलीच्या दाराशेजारी, एक यादी टांगलेली आहे. जुन्या दिनदर्शिकेच्या पानाची मागची कोरी बाजू, तिच्यावर आमच्या ह्यांच्या रेखीव अक्षरात एक ते दहा आकडे, आणि प्रत्येक आकड्यापुढे एका आइस हॉकीपटूचं नाव. सगळे सेंटर. आजवर होऊन गेलेल्या सेंटरांमधले सर्वांत मोठे दहा. हे पान दर संक्रांतीला नव्याने लिहिलं जातं, आणि दर संक्रांतीला त्यावरून दोन म्हातारे भांडतात. एक माझा नवरा, दुसरे डॉक्टर.

सेंटर म्हणजे कोण ते मला पन्नास वर्षं ऐकून पाठ झालंय. सेंटर म्हणजे मधला. पंच ती रबराची काळी चकती, म्हणजे पक, दोघांच्या मध्ये टाकतो तेव्हा पहिली झटापट करायची ती ह्याने. डावी-उजवीकडच्या दोघांना पास पुरवायचे ते ह्याने. आणि समोरचे उलटून आले की धापा टाकत मागे पळून आपला गोल राखायचा तोही ह्यानेच. थोडक्यात, घरातल्या बाईचं काम. हे मी एकदा बोलून दाखवलं तेव्हा दोघे म्हातारे हसले आणि पुन्हा आपल्या भांडणाला लागले.

हे नागपूरचे, खाणीतले इंजिनियर. पोटॅशच्या खाणीत नोकरी लागली म्हणून सत्तरच्या दशकात कॅनडात सस्काटूनला आले, आणि दोन वर्षांनी लग्न करून मला घेऊन आले. डॉक्टर पुण्याचे, हाडांचे. नागपूर आणि पुणं भारतात राहिले असते तर एकमेकांच्या भाजीला नावं ठेवण्यात आयुष्य गेलं असतं. इथे उणे तीसच्या थंडीत एकमेकांच्या गाड्या सुरू करून देता देता दोघे सख्खे झाले. हॉकी ते कामावर शिकले. सोमवारी सकाळी शनिवारच्या मॅचबद्दल चार शब्द बोलता आले नाहीत तर खाणीत माणूस दिवसभर मुकाच. डॉक्टरांची बायको गेली त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून ते आठवड्यातून तीनदा आमच्याकडे जेवतात आणि चौथ्यांदा नुसते बसायला येतात.

यादीचे नियम ह्यांनी केलेले, आणि ते ऐकले की माणूस बोर्डाची परीक्षा देऊन मोठा झालाय हे लगेच कळतं. प्रत्येक खेळाडूला पाच विषय. स्केटिंग, पास, नेम, आपल्या गोलाची राखण, आणि पाचवा पेपर म्हणजे सीझनच्या शेवटी होणारे बाद फेरीचे सामने. प्रत्येकी शंभर मार्क. पस्तिसाच्या खाली नापास, आणि एका विषयात नापास तो सगळ्यात नापास, मग बाकीच्या चारांत बोर्डात पहिला का आलेला असेना. दुसरा नियम असा, की जो अजून खेळतोय त्याचं नाव पेन्सिलीने लिहायचं. तो निवृत्त झाला की पेनाने. खेळ चालू असताना शाई वापरायची नाही, हे ह्यांचं ठरलेलं वाक्य.

गेली काही वर्षं सगळं भांडण एकाच खेळाडूवर येऊन थांबलं होतं. सध्याचा सगळ्यात गाजलेला सेंटर. डॉक्टरांच्या मते त्याला डोळे मिटून पहिला नंबर द्यावा, आधीचे सगळे एकेक पायरी खाली सरकवावेत. ह्यांच्या मते तो यादीतच नाही, पेन्सिलीनेसुद्धा नाही, कारण तो आपल्या गोलाकडे परत यायचा कंटाळा करतो.

"चौथ्या विषयात बत्तीस," हे म्हणायचे.

"अरे, पण पक घेऊन सुटतो तेव्हा अंगावर काटा येतो की नाही? गवई गात असताना तू त्याला भूमितीचा पेपर सोडवायला देतोस का?"

"देतो. बोर्डात यायचं असेल तर भूमिती लागते."

मी ह्यात कधी पडले नाही, मला माझी भांडणं पुरतात. माझा स्वभाव तापट आहे हे मी लपवत नाही. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तीस वर्षं नोकरी केली. तिथे चूक म्हणजे कुणाच्या तरी जिवाशी खेळ. तेव्हापासून चूक दिसली की माझं तोंड सुटतं, आणि एकदा सुटलं की लवकर मिटत नाही.

ह्याचा पुरावा म्हणजे ह्यांच्या कानातली मशीन. अलीकडे ह्यांना ऐकू येईनासं झालं होतं. शेंगदाण्याएवढी, कानाच्या आत बसणारी मशीन घेतली, बाहेरून अजिबात न दिसणारी, कारण ह्यांची पहिली अट होती की हे कुणाला कळता कामा नये. आमच्या मुलीला, मला आणि डॉक्टरांना सोडून कुणाला कळलंही नाही. कुणी विचारलं तर मीच ठणकावून सांगायची, ह्यांचे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत. मग गेल्या वर्षी मॅच बघायला गेले असताना टोपी काढताना एक मशीन कुठेतरी पडलं. मी जो पट्टा सुरू केला तो महिनाभर चालला. जेवताना डॉक्टरांना सांगून झालं, फोनवर तिकडे टोरोंटोकडे, स्कारबरोला राहणाऱ्या मुलीला सांगून झालं, दिवा लावताना देवाला सांगून झालं. भाजीत मीठ कमी पडलं तरी मी मशीनवर घसरायची. हे मान खाली घालून जेवायचे आणि नवीन मशीन आलेलं असूनही ऐकू येत नसल्यासारखं करायचे.

ह्या जानेवारीत, संक्रांत आठवड्यावर आलेली असताना, शोव्हल करायला, म्हणजे फावड्याने बर्फ उपसायला, जायचं नाही असं मी निक्षून सांगितलेलं असताना, हे सकाळी घरासमोरचा ड्राइव्हवे शोव्हल करायला गेले आणि पाय घसरून डोक्यावर आपटले. मी खिडकीतून बघितलं. निळी टोपी बर्फावर पडलेली आणि हे तिच्या शेजारी आडवे.

अॅम्ब्युलन्स आली, इमर्जन्सीत नेलं, स्कॅन झाला. त्या दोन तासांत मी काय काय केलं ते मला धड आठवत नाही. स्कॅनच्या आधी त्यांच्या अंगावरचं काढून जे जे माझ्या हातात दिलं, ते मी पर्समध्ये कोंबत गेले. नर्स फॉर्म भरत होती. अॅलर्जी? नाही. डायबेटिस? थोडा. हिअरिंग? "गुड, व्हेरी गुड," मी सवयीने म्हटलं. डोक्यात थोडा रक्तस्राव होता. ऑपरेशन नको, पण काही दिवस नजरेखाली ठेवू, म्हणाले. मला तेवढ्यानेच हायसं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की पलंगावर बसलेला माणूस आमचे हे नाहीत.

म्हणजे चेहरा तोच, मिशी तीच, पण काहीही विचारलं की एक गोड हसू आणि "येस, येस". फ्लूची साथ होती, त्यामुळे वॉर्डात सगळ्यांच्या तोंडावर मास्क, माझ्याही. एक तरुण थेरपिस्ट त्यांची तपासणी करायला आली. तिने विचारलं, तुम्ही आत्ता कुठे आहात?

"येस, येस."

"कॅन यू टेल मी व्हेअर?"

"थँक यू."

कधी कानात कुणाचे आवाज येतात का? "येस." घरी तुम्हाला कुणी त्रास देतं का, मारतं का? "येस, येस," हे प्रसन्नपणे म्हणाले, "ऑल्वेज." त्या मुलीने मान वळवून माझ्याकडे जे बघितलं ते मी जन्मात विसरणार नाही.

मग तिने एक कोरा कागद आणि पेन दिलं आणि डोकं शाबूत आहे का ते बघायला घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. ह्यांनी कागद उलटसुलट करून बघितला, चष्मा सारखा केला आणि खाली उजव्या कोपऱ्यात झोकदार सही करून कागद तिला परत दिला. इंजिनियर माणूस. कुणी कागद पुढे केला म्हणजे सहीच हवी असणार. पण त्या वेळी मला हे सुचलं नाही. पन्नास वर्षं ड्रॉइंग काढणाऱ्या माणसाला घड्याळ काढता येत नाही एवढंच मला दिसलं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. तिची बाजू इंग्रजीत, माझी मराठीत, हे नेहमीचंच. "मॉम, यू कान्ट डू धिस अलोन," ती म्हणाली आणि रडायला लागली. हॉस्पिटलने शुक्रवारी मीटिंग ठेवली होती. सोशल वर्कर म्हणाली, घरी पाठवणं सेफ वाटत नाही, भान हरपलेल्या म्हाताऱ्यांच्या, दाराला कुलूप असलेल्या एका सेंटरमध्ये जागा होतेय का ते बघू. आयुष्यभर ज्या 'सेंटर' शब्दाला मी वैतागले, तो शब्द आता असा समोर येऊन बसला. शुक्रवारपर्यंत काही बदललं नाही, तर ह्यांची उशी, पांघरूण आणि चपला बॅगेत भरून मला ह्यांना तिथे सोडून यावं लागणार होतं.

मी त्यांचा हात धरून बसले. म्हटलं, "अहो, माझ्याशी भांडा. एकदा उलट बोला. शोव्हलवरून मी काही म्हणणार नाही, शप्पथ." त्यांनी माझ्या हातावर थोपटलं आणि म्हणाले, "हो, हो." एरवी ह्या माणसाने माझ्या कुठल्याही बोलण्याला दोनदा हो म्हटलेलं मला आठवत नाही.

गुरुवारी दुपारी डॉक्टर आले, थर्मासमध्ये माझ्यासाठी चहा घेऊन. ते पलंगाच्या एका बाजूला, मी दुसऱ्या. समोर भिंतीवर टीव्ही आवाज बंद करून चालू होता. त्यावर चार जण सुटाबुटात बसून हॉकीबद्दल बोलत होते, आणि पडद्याच्या एका बाजूला यादी आली होती. सर्वकाळचे सर्वांत मोठे सेंटर, एक ते दहा. तो आत्ताचा खेळाडू दोन नंबरवर होता, फोटोसकट.

"दुसरा?" हे म्हणाले.

आम्ही दोघांनी माना वळवल्या.

"ह्याला दुसरा कुणी बसवला? आणि आमच्या दुसऱ्याला खाली पाचवर ढकललाय! शेंबूड पुसायची अक्कल नाही आणि निघाले यादी करायला. त्याच्या वेळी हेल्मेट होती का? गोलकीपरची पॅडं केवढाली होती? काठ्या लाकडाच्या. आणि तरी तो प्रत्येक वेळी मागे येऊन आपला गोल राखायचा. ह्याचं काय? बत्तीस मार्क!"

माझ्या हातातला कप थर्मासच्या झाकणावर आपटला. डॉक्टर खुर्चीच्या टोकावर आले. "अरे, मग पहिला कोण?" त्यांनी मास्कमधून विचारलं. हे टीव्हीकडेच बघत बोलत राहिले. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, ह्या वेळी मोठ्याने. हे त्यांच्याकडे वळून गोड हसले आणि म्हणाले, "येस, येस."

मग डॉक्टरांनी ट्रेवरचा जेवणाचा मेनू उचलला, त्याच्या मागे मराठीत लिहिलं, 'मग तुझ्या मते तिसरा कोण, आणि का?' आणि कागद ह्यांच्यासमोर धरला.

ह्यांनी वाचलं आणि सुरू झाले. तिसरा का तिसरा, चौथ्याला कुठल्या विषयात किती मार्क कापले, पाचव्या पेपरला कोण कच खातो, सगळं ओळीने. मला ती यादी पाठ आहे. एकही नंबर चुकला नाही.

"वहिनी," डॉक्टर म्हणाले, "ह्याचं डोकं ठणठणीत आहे. ह्याला ऐकू येत नाहीये."

"मशीन आहेत की कानात."

डॉक्टरांनी फोनचा टॉर्च लावून ह्यांच्या कानात बघितलं. एकात नव्हतं, दुसऱ्यातही नव्हतं. मी धावत नर्सकडे गेले. तिच्या सामानाच्या नोंदीत मशीन नव्हती, असणार कशी? ऐकू छान येतं असं मीच तर लिहून घ्यायला लावलं होतं. परत येऊन मी पर्स पलंगावर उपडी केली. चष्म्याचं घर, पाकीट, घड्याळ, हातमोजे, आणि माझी बडीशेपेची डबी. डबी वाजली ती नेहमीसारखी वाजली नाही. उघडली तर बडीशेपेत दोन्ही मशीन रुतून बसलेली. हरवू नयेत म्हणून मीच ठेवली असणार. ठेवताना मी स्वतःला शाबासकीही दिली असेल.

डॉक्टरांनी ती पुसून ह्यांच्या कानात बसवली. ह्यांनी जबडा हलवून बघितला. मी मास्क हनुवटीवर ओढला.

"सापडली?" ह्यांनी विचारलं.

"म्हणजे? मशीन नाहीत हे तुम्हाला माहीत होतं?"

"मला वाटलं, बर्फात पडली."

"मग दोन दिवस बोलला का नाहीत?"

हे डॉक्टरांकडे बघायला लागले. डॉक्टर टीव्हीकडे बघायला लागले.

"तू ओरडली असतीस," हे म्हणाले.

"अहो, लोकांना वाटलं तुम्हाला वेड लागलं! उद्या तुम्हाला कुलपात ठेवायला निघाले होते!"

"ते मला कसं कळणार? ऐकू कुठे येत होतं?"

मी त्यांच्या पलंगावर डोकं टेकवलं आणि भोकाड पसरलं. कपडे, मास्क, बडीशेप, सगळं भिजलं. इतकं मोकळं मी बाळंतपणातसुद्धा रडले नव्हते. ते माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "अगं, हळू. आता ऐकू येतंय मला."

शुक्रवारी सकाळी ती थेरपिस्ट पुन्हा आली. मी तिला सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट, आणि पहिल्यांदाच परक्या माणसासमोर म्हटलं की माझ्या नवऱ्याला ऐकू कमी येतं. ह्यांनी हूं का चूं केलं नाही. ह्यांनी घड्याळ काढलं, मिनिटांच्या साठही रेघा मारून, आणि पट्टी नाही म्हणून दिलगिरी व्यक्त केली. घरी कोण त्रास देतं ह्या प्रश्नाला "नोबडी" म्हणाले. जरा थांबून म्हणाले, म्हणून मी त्यांना चिमटा काढला. मीटिंग पाच मिनिटांत संपली. पार्किंगमध्ये उणे सव्वीस होतं आणि मला कोटाची बटणं लावायचीही शुद्ध नव्हती. डॉक्टर गाडी चालवत होते, मी मागे ह्यांच्या शेजारी बसले होते. नदीवरच्या पुलावरून जाताना हे म्हणाले, ड्रायव्हर फार जोरात चालवतोय, आणि दोघांचं भांडण सुरू झालं. मी खिडकीला डोकं टेकून ते ऐकत राहिले.

एक गोष्ट मात्र आत राहून गेली. दोन दिवस माणूस आवाजाविना त्या वॉर्डात बसला, काय चाललंय ते कळत नसताना सगळ्यांना हसून हो म्हणत राहिला, पण बायकोला सांगायला धजला नाही. रक्तस्रावाची त्यांना भीती वाटली नाही, माझी वाटली. ह्याची मला लाज वाटली, आणि अजून वाटते.

संक्रांतीला मी तिळाच्या वड्या केल्या. डॉक्टर दुपारीच आले. दोघे खाली बेसमेंटमध्ये नवं पान घेऊन बसले होते. मी ताट घेऊन जिन्यावर होते, तेवढ्यात ह्यांचा आवाज आला. "पेन्सिल दे."

"कशाला?"

"लिहितो त्याला. चौथा."

"चौथा? अरे, परवापर्यंत नापास होता ना? बत्तीस मार्क!"

"ग्रेस मार्क दिले."

"तू? ग्रेस मार्क? चाळीस वर्षांत कुणाला दिलेस का?"

आपण अगदी हळू बोलतोय असं हे समजतात तेव्हा सगळ्या घराला ऐकू जातं. तशा आवाजात हे म्हणाले, "अरे, वर स्वयंपाकघरात बघ की. चार विषयांत बोर्डात पहिली, आणि एकात नापास. तिला काय मी यादीच्या बाहेर ठेवू?"

मी जिन्यावरच थांबले.

डॉक्टर हसले. "मग वहिनींचं नाव पेनाने की पेन्सिलीने?"

"पेन्सिलीने. खेळ चालू असताना शाई नाही."

मी डोळे पुसले, खाली गेले आणि दोघांच्या हातावर तिळगूळ ठेवला. ह्यांना एक वडी जास्त दिली, डायबेटिस असूनही, आणि त्यावर काही बोलले नाही.